फायटर आणि व्याह्यांच्या गोगलगाई

उमरखेडच्या आमच्या घरात, बैठकीत टीव्हीच्या शेजारी एक फिश टँक आहे. टँक म्हणायचं आपलं. बायकोच्या मते तो तिच्या पापडाच्या डब्यापेक्षा जरासाच मोठा आहे. त्यात एक निळा-तांबडा मासा राहतो. दुकानदार त्याला फायटर म्हणतात आणि ते नाव कोणी लाडानं ठेवलेलं नाही. काचेवर कोणाची सावली पडली की हा कल्ले फुगवतो, शेपटी पसरतो आणि अंगावर येतो. पाहुण्याच्या अंगावर येतो, झाडूच्या अंगावर येतो, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईच्याही अंगावर येतो. अंगठ्याएवढा जीव, पण तोरा फौजदाराचा.

निवृत्त झाल्यावर मी तो नांदेडहून आणला. रिकामा बसून बाबा घरच्यांना खातील, त्यांना काहीतरी पाळायला द्या, असं मुलीनं सुचवलं होतं. कुत्र्याला बायकोची ना होती, मांजराला माझी. मासा हा तडजोडीचा प्राणी. तो घरी आला आणि आठवड्याच्या आत बायको म्हणाली, "अहो, हा अगदी तुमच्यावर गेला." मी भडकलो. तिनं आधी माझ्याकडे आणि मग टँककडे बोट दाखवलं. आत तोही भडकलेलाच होता.

खोटं कशाला बोलू, राग माझ्या नाकावर असतो. कचेरीत माझ्या टेबलाशी कागद घेऊन येणारे आधी शिपायाला विचारून येत, की आज साहेबांचा मूड कसा आहे. आमचं घराणंच तसं. आजोबा, वडील, मी, तिघंही कचेरीत कागदावर आयुष्य काढलेले, नीटनेटके आणि तिरसट. रागात माझ्या तोंडी वऱ्हाडी येते, पण पाहुणा आला की माझी भाषा इस्त्री करून बाहेर येते. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही पाहुण्याशी बोलता तेव्हा नोटीस वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

या मुलीनं स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं. जावई फुलसावंगीकडच्या एका तांड्यातला, शिकलेला, नागपुरात नोकरीला. एकुलता एक मुलगा, त्याची आई लहानपणीच गेलेली, बापानं वाढवलेला. मुलगा चांगला होता आणि आम्ही हो म्हटलं. पण हो म्हणणं वेगळं आणि रुळणं वेगळं. जावई आमच्यात लगेच रुळला. मी आणि त्याचे वडील मात्र कुठं अडकलो ते कळत नव्हतं. भांडण नव्हतं, हेवेदावे नव्हते. फक्त आमच्यात बोलायला काही नव्हतं.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी आली तेव्हा हे जास्तच जाणवू लागलं. व्याही बाजाराच्या दिवशी एसटीनं उमरखेडला यायचे आणि सुनेसाठी पिशवी घेऊन घरी डोकवायचे. पिशवीत कधी तुरीच्या शेंगा, कधी वाळकं, कधी तुपाची बरणी. उंच, काटक माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. खुर्चीच्या कडेवर बसायचे.

"राम राम, इवाई."

"या व्याही, बसा. बस वेळेवर आली?"

"आली ना बाप्पा."

"गर्दी होती?"

"होती थोडीशी."

एवढं झालं की आमचं संपलं. मला शेतीतलं कळत नाही, त्यांना माझ्या कचेरीतलं ऐकायची हौस नव्हती. तांड्यात सासरा सुनेशी समोरासमोर फार बोलत नाही. त्यामुळं मुलगी डोक्यावर ओढणी घेऊन वाकून नमस्कार करायची आणि आत जायची. मग मी आणि व्याही दोघं पंख्याचा आवाज ऐकत बसायचो.

एकदा ते गेल्यावर मुलगी बाहेर आली. डोळे भरलेले. म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं असे बसता ना, मी आत ऐकत असते. काहीच ऐकू येत नाही. उद्या बाळ दोन्ही घरी जाईल-येईल. तुमचं दोघांचं जमलंच पाहिजे."

मी म्हटलं, "आमचं काय वाकडं आहे?"

"वाकडं नाही, पण सरळ तरी कुठं आहे?"

सातवा महिना सरत आलेला. अशा दिवसांत पोरीनं माझ्यापायी डोळ्यांत पाणी आणावं हे मला फार लागलं. पुढच्या बाजाराला बोलायचंच, असं ठरवून मी मनात विषय जुळवत बसलो. एकही धड जुळला नाही.

विषय शेवटी व्याह्यांनीच काढला. पुढच्या खेपेला ते टँककडे बघत होते. फायटर त्यांच्या पांढऱ्या रुमालावर चाल करून येत होता.

"हा एकटाच राह्यते काय?"

मला तर हुरूपच आला. मी सांगितलं, हा फायटर आहे, याच्यात दुसरा मासा टाकला तर हा त्याला जिवंत ठेवणार नाही, याला एकट्यालाच ठेवावं लागतं. व्याह्यांचं तोंड उतरलं.

"एकटा कसा राहीन जीव? म्हणून तर चिडते तो. आमी बैलबी एकटा बांधत नाई."

"अहो, याची जातच तशी आहे."

"असंन," ते म्हणाले. पण पटलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या बाजाराला पिशवीत तुरीच्या शेंगांबरोबर झाकणाला भोकं पाडलेला एक स्टीलचा डबा होता. व्याह्यांनी तो टीपॉयवर ठेवून उघडला. आत पाण्यात चार गोगलगाई. बोराएवढ्या, तपकिरी, चकचकीत शंखाच्या.

"आमच्या ढोराच्या हौदात असतेत. त्याले सोबत आनली. मासोळी नाई, मंग काय अडचन?"

अडचण! माझ्या टँकची काच मी दर रविवारी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसतो. त्यात ढोरांच्या हौदातल्या गोगलगाई? दुसऱ्या कोणी आणल्या असत्या तर मी डब्यासकट दाराबाहेर ठेवल्या असत्या. पण व्याह्यानं हातानं आणलेली वस्तू परत करायची नसते, ती पाटाखाली सरकवायचीही नसते. दिसेल अशी ठेवायची असते, आणि पुढच्या खेपेला त्याला ती दिसली पाहिजे. आमच्याकडे सोयरिकीत आलेलं एक भयानक भिंतीवरचं घड्याळ या एका कारणासाठी वीस वर्षं टिकटिकतं आहे. आतल्या दारातून मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "छान आहेत."

दोन-तीन दिवस त्यांना बादलीत ठेवून पाणी बदललं आणि मग टँकमध्ये सोडल्या. फायटर आधी गांगरला. मग एका गोगलगाईनं शंखातून मान काढली, डोक्यावरची दोन बारीक शिंगं पसरली, आणि याला वाटलं, घरबसल्या अळ्या आल्या. त्यानं झेप घातली. गोगलगाय शंखात गेली आणि तळाला जाऊन पडली. दुसरी निघाली, तिचंही तेच. संध्याकाळपर्यंत चारही जणी दगडासारख्या पडून होत्या आणि हा त्यांच्यावर गस्त घालत होता. एकीचं शिंग अर्धं तुटलेलं दिसलं तेव्हा मी चष्मा लावून काचेला नाक टेकवलं. गोगलगाईंचं मला काय पडलं होतं? पण त्या मेल्या तर पुढच्या बाजाराला मी व्याह्यांना काय दाखवणार होतो? ते तोंडानं काही म्हणाले नसते. मनात मात्र म्हणाले असते, की आम्ही दिलेला जीवही यांच्या घरात टिकत नाही. आणि त्यांचा नातू याच घरात जन्माला यायचा होता.

मग मी कामाला लागलो. बायकोची चहाची मोठी गाळणी टँकच्या कडेला अडकवून त्यात फायटरला कोंडला. तो गाळणीच्या जाळीवर धडका देऊ लागला आणि बायको माझ्यावर. गाळणी परत करावी लागली. मग दिवाळीच्या फुटक्या पणत्या तळाशी पालथ्या घातल्या, गोगलगाईंना लपायला. ते मात्र जमलं. फायटरला सकाळी आधी पोटभर खायला घालायचं आणि तो सुस्तावला की त्यांच्यासाठी उकडलेल्या पालकाचं पान सोडायचं, हेही हळूहळू जमलं. मुलगी पलंगावर उशीला टेकून हे सगळं बघत बसायची. पोटावर हात ठेवून हसायची. तिचं हसणं ऐकून मी मुद्दाम फायटरवर जास्त ओरडायचो.

आणि एक दिवस व्याह्यांचा फोन आला. आजवर त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. जे काय असेल ते जावयामार्फत.

"गोगलगाई कशा हायेत?"

"बऱ्या आहेत. एकीचं शिंग तोडलं त्यानं."

"बाप्पा! येते ते परत. बगत राहा."

दुसऱ्या दिवशी परत फोन. "आलं काय शिंग?" तिसऱ्या दिवशी परत. हा माणूस फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायचा की शेजारच्या बाईंनी बायकोला विचारलं, तुमच्याकडे कोणाला शिंग आलं? मी आधी वैतागलो. सुनेचे दिवस भरत आलेत आणि हा गृहस्थ गोगलगाईंची चौकशी करतो! तसं मी बायकोला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या डोक्यात इतकी वर्षं कागदच भरलेत. तुम्ही गोगलगाईंचं सांगून झाल्यावर ते फोन ठेवतात का?"

नव्हते ठेवत. ते थांबायचे. मग मी आपोआप सांगायचो, की मुलगी आज डॉक्टरकडे जाऊन आली, वजन वाढलंय, रात्री पाय दुखतात. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. ठेवू मंग?" सुनेच्या पोटातल्या बाळाबद्दल पुरुषानं पुरुषाला कसं विचारायचं, हा पेच त्यांनी आपल्या परीनं सोडवला होता. हे कळल्यावर मी फोनची वाट बघू लागलो. नऊच्या सुमाराला फोन आला नाही की मीच करायचो. शिंगावरून हौदावर, हौदावरून ढोरांवर, ढोरांवरून आमच्या दोघांच्या लेकरांच्या लहानपणावर गाडी जायची. मुलगी आतून ऐकत असायची, हे मला ठाऊक होतं.

शिंगही खरंच परत आलं.

मग शंख पांढरे पडू लागले. आधी टोकाशी खडूसारखे डाग, मग बारीक खड्डे, मग एकीच्या शंखाचा पापुद्राच निघाला. त्या पालकाच्या पानाकडेही येईनात. मी पाणी जास्त वेळा बदललं, तर जास्तच बिघडलं. मला कळेना की आपण कुठं चुकतो आहोत. बायको दबक्या आवाजात म्हणाली, "नाल्यावरून दुसऱ्या आणून टाका. कोणाला कळतं?" मला कळलं असतं. रोज रात्री फोनवर त्यांच्याबद्दल मीच बोलणार होतो ना. आणि या मेल्या तर फोन कशाच्या निमित्तानं करायचा, ही खरी भीती होती. इतक्या मुश्किलीनं सुरू झालेलं बोलणं चार शंखांवर उभं होतं आणि ते शंखच झिजत होते. मुलीला मी सांगितलं नव्हतं. तिच्या लक्षात आलंच होतं. ती टँककडे बघायचं टाळू लागली होती.

शेवटी मीच फोन केला. म्हटलं, "व्याही, तुमच्या गोगलगाई राहतील असं वाटत नाही. मी सगळं करून पाहिलं. माझ्याकडून काही कमी पडलं असेल तर माफ करा."

त्यांनी विचारलं, "पानी कोनतं देता?"

"आरओचं. आम्ही पितो तेच. जारचं, एकदम शुद्ध."

"मासोळीले मानवते ते?"

"त्याला काही झालेलं नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता. सकाळच्या एसटीनं व्याही दारात हजर. हातात पिशवी नव्हती. खांद्यावर पाण्याची पिवळी प्लास्टिकची कॅन होती, गळ्यापर्यंत भरलेली. कंडक्टरशी त्यावरून वाद घालून आले होते. ती खाली ठेवून रुमालानं मान पुसत म्हणाले, "आमच्या बोअरचं पानी हाय. जड हाय, भांड्याले पांढरा थर धरते. पन त्या त्यातच वाढल्या. तुमचं पानी लय गोड पडलं असंन त्याह्यले."

मी मोबाईलवर शोधून पाहिलं. खरंच होतं. शंख धरायला पाण्यात चुना लागतो आणि आमचं आरओ नेमका तोच काढून टाकतं. आयुष्यभर ज्या जड पाण्याला आम्ही शिव्या घातल्या, डाळ शिजत नाही म्हणून, बादल्या पांढऱ्या होतात म्हणून, तेच पाणी या जिवांचं हाड होतं. सगळ्यात चांगलं म्हणून मी त्यांना जे देत होतो, त्यानं त्या विरघळत होत्या. (पुढचं आधीच सांगून टाकतो. रोज एक-एक तांब्या करत टँकचं पाणी बदललं, तीन गोगलगाई वाचल्या, आणि आज त्यांची एवढी पिलावळ आहे की मी ओळखीच्यांना डब्या भरून वाटतो. फायटरची रगही जिरली. एखादी त्याच्या नाकासमोरून गेली तर मानापुरते कल्ले फुगवतो आणि बाजूला होतो.)

तर मी तांब्या आणायला उठलो. तेवढ्यात व्याही कॅनचं बूच उघडत, टँककडे बघत, अगदी सहज म्हणाले, "तुमी आमचं पानी पेत नाई, मले मालूम हाय. पन हे त्याह्यच्यासाठी आनलं."

मी तांब्या न घेताच वळलो.

लग्नाआधी आणि लग्नानंतर, असा दोनदा मी तांड्यावर गेलो होतो. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः तांब्या-फुलपात्र आणून समोर धरलं होतं आणि दोन्ही वेळा मी हात जोडून नको म्हटलं होतं. आमच्याकडे रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीकडे हे पाळलं. भर उन्हाळ्यात तहानलेले परत आले, पण पाळलं. मी तेच केलं. त्याचं कारण सांगायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण आमच्यात ते कोणाला सांगावं लागत नाही. आणि या माणसानं त्याचा अर्थ लावला होता, की शहरातले हे कचेरीवाले तांड्याचं पाणी पीत नाहीत. हा अर्थ मनात ठेवून तो दर बाजाराला माझ्या दारात आला होता. तुरीच्या शेंगा घेऊन, तूप घेऊन, माझ्या माशाला सोबत घेऊन.

मला इतकं वाईट वाटलं की माझ्या स्वभावाप्रमाणे मी आधी ओरडलोच. "मग विचारलं का नाही मला? काहून नाही विचारलं?" माझी इस्त्रीची भाषा कुठल्या कुठं गेली.

ते दचकले. म्हणाले, "कसं इचारू, इवाई? मी पोराचा बाप. इचारलं असतं तं तुमाले जाब इचारल्यावानी झालं असतं. पोरगी मधात हाय ना."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांना रीत सांगितली. बहिणीचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. ते तोंड उघडं ठेवून ऐकत होते. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं.

"असं हाय काय!" ते म्हणाले. मग डोळे पुसले, रुमालानंच. "अरे बाप्पा. आन मी काय काय मनात धरून बसलो. म्हंजे लेकरू झालं का तुमी पेसान?"

"झालं की पिईन."

"बरं बरं. मंग काय, थोडेच दिवस रायले."

त्यांना तेवढं पुरेसं होतं. मला नव्हतं. इतके दिवस ते घेऊन हिंडत होते ते ओझं आणखी एक दिवसही त्यांच्याकडे राहू नये असं मला वाटलं. मी उठलो, फळीवरून ग्लास काढला, कॅन वाकडी केली आणि ग्लास भरला.

बायको म्हणाली, "अहो, रीत?"

"रीत लेकीच्या घरची आहे," मी म्हणालो. "हे घर माझं आहे."

आणि एका दमात प्यायलो. खारवट, जड, घशाला धरणारं, वर प्लास्टिकच्या कॅनचा वास. व्याही माझ्या गळ्याकडे बघत होते, पहिला घोट उतरतो का, दुसरा उतरतो का.

"कसं हाय?"

"जड आहे."

"हायच," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला ग्लास घेऊन त्यांनी स्वतः परत काठोकाठ भरून दिला. मी तोही तोंडाला लावला.

मुलगी आतल्या दारात येऊन उभी होती. एक हात पोटावर, ओढणी खांद्यावरच राहिलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती सासऱ्यासमोर खो खो हसत होती. "बाबा, पुरे! गोगलगाईंना राहू द्या थोडं!"

व्याही तिच्याकडे वळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, मला मध्ये न घालता, सरळ तिच्याशीच बोलले.

"पेऊ दे वं माय त्याह्यले. मी अजून आनतो."